उन्हाची गाडी, सावलीचा ठेला

आमच्या गाडीबद्दल झाशीच्या प्रेम नगरात प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "कितना देती है?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. बाबा या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला जायचे आणि तिथेच फसायचे. "देखिए, पहले बिजली से चलेगी. बिजली खतम, तो पेट्रोल से. और छत पर सोलर है, तो थोड़ी धूप से भी." समोरचे भैयाजी पाच मिनिटं ऐकून घेत आणि मग म्हणत, "वो सब तो ठीक है, पर देती कितना है?"

गाडी आमची नव्हती, काकांची होती. काका बरीच वर्षं परदेशात राहून परत आले ते ही गाडी बोटीतून घेऊनच. पुण्यात त्यांनी फ्लॅट घेतला, पण तिथे पार्किंग तळघरात. तळघरात ऊन कुठून आणणार? वर्षभर गाडी तिथे ट्यूबलाइटखाली उभी राहिली. मग एक दिवस त्यांचा बाबांना फोन आला. "दादा, तू ने ती. तुमच्या झाशीत दुसरं काही असो-नसो, ऊन आहे."

मी घरात जाहीर विरोध नोंदवला. माझं काम तसंच आहे. आम्ही पाच-सहा जण मिळून पत्रकं काढतो. ऑटो स्टँडवर सावली नाही, बस थांब्याला छप्पर आहे पण ते उलट्या बाजूला आहे, रस्ता रुंद करताना झाडं आधी जातात आणि रस्ता नंतर येतो, असे आमचे विषय. लक्ष्मी गेटजवळ एका जिन्याखाली छापखाना आहे, तिथे छापतो आणि सकाळी हातोहात वाटतो. 'खासगी गाडी ही चार खुर्च्यांवर बसलेली एक व्यक्ती असते' हे वाक्य माझं आहे, हिंदीतलं. त्याचा मला अभिमान होता. ते छापून आलं त्याच्या पंधरा दिवसांनी आमच्या दारात गाडी उभी राहिली. पांढरी, छतावर निळसर काळी काच.

"तुझ्या पत्रकाचं काय आता?" आईने विचारलं.

"मी बसणार नाही तिच्यात."

"नको बसूस. मला पुढची सीट मिळेल."

बाबांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढले. कागदावर रेघ मारायची तर आधी पेन्सिलीने, मग शाईने, आणि मध्ये एक दिवस विचार. असा माणूस निवृत्त होऊन तीन वर्षं घरी बसला होता आणि भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करत होता. घरात घड्याळं तीनच. तीही चालू होती. गाडी आली आणि बाबांना काम मिळालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाड वायर बाहेर काढून ते गाडी रोज भिंतीच्या विजेवर लावायचे, पण त्यांचा जीव त्या विजेत नव्हता, छतात होता. डॅशबोर्डवर एक छोटा सूर्य उगवायचा आणि त्याच्या शेजारी आज छताने किती वीज केली त्याचा आकडा. बाबांनी एक वही केली. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की छताच्या विजेवर, फक्त उन्हावर, एकदा लक्ष्मी गेटपर्यंत जायचं, भाजी घ्यायची आणि परत यायचं.

पहिले तीन आठवडे वहीत शून्य.

बाबा काकांना फोन लावायचे. काका म्हणायचे, काच पूस. बाबांनी काच पुसली. काका म्हणायचे, एखादी वायर सुटली असेल. बाबांनी एक मेकॅनिक आणला. तो गाडीभोवती दोनदा फिरला, टायर दाबून पाहिले आणि "अंकल, ये हमसे न होगी" म्हणून निघून गेला.

कारण मला सापडलं. एका गुरुवारी मी दहा वाजता घरी होते, जे सहसा होत नाही. बाबा पेन्शनच्या कामाला गेले होते. आई बाहेर गेली आणि गाडीवर पासोडी पसरायला लागली. जाड, दुहेरी चादर, चार कोपऱ्यांना नाडे शिवलेली. आमच्या घरात अजून पासोडीच म्हणतात, पुण्याचे काका त्या शब्दाला हसतात.

"आई, हे काय करतेयस?"

"ऊन किती आहे बघ. एवढी महागाची काच. तडकली म्हणजे?"

"रोज घालतेस?"

"रोज. हे सकाळी भाजी, पेपर, बँक करत हिंडतात, मी घालते. जेवायला येतात त्याच्या आधी काढते, जेवून झोपले की पुन्हा घालते. यांना कुठे वस्तू जपायची अक्कल आहे?"

मी तिथेच पायरीवर बसले. सौर छताची गाडी आणि तिला उन्हापासून जपणारी बाई. पण आईला हसणं सोपं नाही. आमच्याकडे नवीन काही आलं की ते झाकायचं, हा नियमच आहे. फ्रिजला झालर आहे, मिक्सरला टोपी आहे, टीव्हीच्या रिमोटवर अजून दुकानातली पिशवी आहे. तीनशे वर्षांपूर्वी आमचे लोक दक्षिणेतून इकडे कारकुनी करायला आले, तेव्हा दप्तरं अशीच फडक्यात बांधून आणली असतील. सवय गेली नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वही उघडली, तीन आठवड्यांच्या शून्यांपुढे कंस काढला आणि लिहिलं, 'पासोडी.'

त्यानंतर आकडा आला, पण दोन घास खाऊन उठल्यासारखा. कारण आता दुसरं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. दारातला कडुनिंब.

जागा नीट सांगते, कारण पुढचं सगळं जागेवरच आहे. आमच्या फाटकासमोर कुंपणाला लागून कडुनिंब आहे. त्याच्या पूर्वेला एक गाडी मावेल एवढी जागा, पश्चिमेलाही तेवढीच. बाकी गल्ली इतकी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाने मागे जायचं. पश्चिमेच्या जागेत आमची गाडी. पूर्वेच्या जागेत प्रेसवाल्या चाचीचा ठेला. लाकडी, चार चाकांचा, वर घोंगडी अंथरलेली, आणि त्यावर कोळशाची इस्त्री. मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून चाची तिथे उभी आहे. माझ्या पहिल्या गणवेशाची घडी तिची.

गाडीवर कडुनिंबाची एक मोठी फांदी आली होती. सकाळभर सावली तिच्यावर. दुपारी जरा ऊन मिळायचं, तर तीन वाजता समोरची तीन मजली इमारत या पश्चिमेच्या जागेचं ऊन अडवायची. बाबांनी दोन दिवस मान वर करून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, "लाकूडतोड्याला सांगितलंय. रविवारी येतो. ती एक फांदी काढून टाकू."

मी भाकरी खाली ठेवली. "मे महिन्यात? कडुनिंबाची फांदी?"

"एक फांदी."

"आणि चाची?"

"ती फांदी माझ्या गाडीवर आहे, तिच्या ठेल्यावर नाही."

"झाड एकच आहे ना, बाबा?"

"झाड एकच आहे. फांद्या पुष्कळ आहेत. आमटी वाढ."

झाशीचा मे ज्याने पाहिला नाही त्याला कोळशाच्या इस्त्रीजवळ उभं राहणं म्हणजे काय ते कळणार नाही. वरून आग, हातात आग. चाचीची सगळी कमाई त्या सावलीच्या तुकड्यावर उभी होती. सावली गेली तर ठेला गेला, आणि या गल्लीत दुसरं झाड नाही. मी बाहेर जाऊन तिला सांगितलं. ती चादरीची घडी करत होती.

"अब का कएँ, बिन्नू," ती आपल्या बुंदेलीत म्हणाली, लेकीबाळींना ती बिन्नूच म्हणते, "बाबूजी को दुआरो है. बाबूजी को पेड़ है."

"पेड़ किसी का नहीं है, चाची. आप मना कर दीजिए."

"हओ. आज मना कर दें, कल कपड़े को देहै?"

उद्या कपडे कोण देणार, हा तिचा प्रश्न घेऊन मी पत्रक काढलं. मला तेवढंच येतं. संध्याकाळी लिहिलं, दुसऱ्या दिवशी छापलं. दोनशे प्रती, हिंदीत. मथळा होता, 'एक कार की छत के लिए एक औरत की छाँव?' पुढे म्हटलं होतं की आता सूर्यही खासगी झाला आहे, ज्याच्याकडे काचेचं छप्पर त्याचं ऊन, बाकीच्यांनी जळावं. बाबांचं नाव नव्हतं. पण प्रेम नगरात सौर छताची गाडी एकच आहे, तेव्हा नावाची गरजही नव्हती. शंभर प्रती आम्ही वाटल्या. शंभर मी चाचीच्या ठेल्यावर ठेवल्या आणि म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला द्या.

मंगळवारी सकाळी बाबांनी इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा सोडला. प्रत्येक शर्टाच्या कॉलरखाली, घडी मोडू नये म्हणून, एक कडक कागद दुमडून घातलेला. सहा शर्ट, सहा पत्रकं. मी दारात चप्पल घालत होते, तशीच थांबले. बाबांनी एक कागद उलगडला, चष्मा लावला, पूर्ण वाचला. मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

नंतर चाचीला विचारलं तर ती म्हणाली, "तुमने कही सबको दो. सो हमने सबके कपड़न में धर दओ. कागज अच्छो हतो, मोटो." अख्ख्या गल्लीतल्या कपाटांत, शर्टांच्या गळ्याशी, माझ्या बापाविरुद्धचं पत्रक गेलं होतं. इतका प्रसार आमच्या कुठल्याही पत्रकाचा कधी झाला नाही.

"बाबा," मी म्हटलं.

"यात एकही माप नाही," बाबा म्हणाले.

"काय?"

"सावली जाईल म्हणतेस. किती वाजता? किती फूट? कुठल्या फांदीची? नुसतं जळावं, मरावं. असा नकाशा मी साहेबांपुढे नेला असता तर साहेबांनी फाडला असता."

"हा नकाशा नाही. आवाहन आहे."

"मग खडू घेऊन ये."

मला वाटलं, ते रागावले आहेत आणि राग आवरायला काहीतरी बोलत आहेत. पण ते खरोखर खडू मागत होते. अकरा वाजता बाबा डोक्याला टॉवेल बांधून बाहेर गेले आणि सिमेंटच्या गल्लीवर कडुनिंबाच्या सावलीच्या कडेने रेघ मारत फिरले. रेघेवर वेळ लिहिली. बारा वाजता पुन्हा. एक वाजता पुन्हा. शिडी लावून त्या मोठ्या फांदीच्या टोकाला आईच्या जुन्या साडीची पट्टी बांधली. त्यांची युक्ती अशी की पट्टी वाऱ्यावर हलत राहील, तिची सावली जमिनीवर हलेल, आणि मग हजार पानांच्या सावलीत ही फांदी नेमकी कुठे पडते ते कळेल.

आई फाटकातून म्हणाली, "लोक म्हणतील, करणी केली."

लोक तसं म्हणालेही. एका शेजाऱ्याने दोन दिवस रेघा ओलांडल्या नाहीत, वळसा घालून गेला.

मोजायला बाहेर बसावं लागतं, आणि बाहेर बसायला सावली एकच. बाबा चाचीच्या ठेल्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. वीस-पंचवीस वर्षं ती बाई दारात उभी होती आणि बाबा तिच्याशी "आठ हैं, शाम तक" याच्यापलीकडे बोलले नव्हते. आता चार दिवस ते तिच्याजवळ बसून होते. ते जेवायला आत आले की ती कोळशाच्या तुकड्याने रेघ मारून ठेवायची. तिच्या रेघा बाबांच्या रेघांपेक्षा सरळ होत्या, हे बाबांनी स्वतः कबूल केलं. तिला घड्याळ लागत नव्हतं. दीड वाजता सावली ठेल्याच्या दुसऱ्या चाकावर येते, अडीचला तिच्या पाण्याच्या मटक्यावर, हे ती मान न वळवता सांगायची.

शुक्रवारी चार वाजता बाबांनी मला हाक मारली. मी गेले. त्यांनी बोट दाखवलं. चाचीच्या ठेल्यावर, घोंगडीवर, एका पांढऱ्या कुर्त्याच्या छातीवर साडीच्या पट्टीची सावली हलत होती.

"फांदी पश्चिमेला," बाबा म्हणाले, "पण दुपारी ऊन पश्चिमेकडून येतं. सावली पूर्वेला पडते. माझ्या गाडीवरची फांदी तिच्या डोक्यावर आहे. दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत."

"मी तेच लिहिलं होतं."

"तू लिहिलं होतंस. तुला माहीत नव्हतं."

हे खरं होतं, म्हणून मला राग आला. रागाने मी चाचीकडे वळून म्हटलं, "आपने पहले क्यों नहीं बताया कि दोपहर की सारी छाँव इसी डाल की है?"

चाचीने इस्त्री उचलली, तळ पाहिला, परत ठेवली. "तुमने पूछी कबै?"

मग म्हणाली की दुपार तर बरी जाते, त्रास सकाळचा असतो. सकाळी ऊन समोरून येतं, साडेदहा-अकरापर्यंत पूर्वेच्या जागेत सावलीच नसते. ती सकाळभर डोक्यावर ओलं फडकं घेऊन उभी असते. इतकी वर्षं. माझ्या पत्रकात 'तिची सावली' होती, पण त्या सावलीला सकाळ नव्हती. मी रोज सकाळी तिच्यासमोरून सावलीची पत्रकं घेऊन गेले होते.

बाबा खडूच्या रेघांकडे बघत होते. चाचीने एक शर्ट घडी केला, गठ्ठ्यावर ठेवला आणि हिशेब सांगावा तसं सांगितलं. सकाळी सावली पश्चिमेला असते, तिथे गाडी उभी. सकाळी ऊन पूर्वेला असतं, तिथे ती स्वतः उभी. "तो बाबूजी, गाड़ी इतै ले आओ, ठेला उतै कर दो. बारह बजे फिर उलट दो. जा में काटने का है?"

खरंच, यात कापायचं काय होतं? आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाने चार दिवस खडू घासला आणि उत्तर इस्त्रीवालीने दिलं. मग ते उठले, दोन्ही जागा पावलांनी मोजल्या आणि म्हणाले, "सव्वाबारा. बाराला नाही. बाराला दोन्हीकडे सावली सारखीच आहे."

"हओ, सवा बारह," चाची म्हणाली. तेवढं तिने त्यांना दिलं.

रविवारी लाकूडतोड्या कुऱ्हाड आणि दोर घेऊन आला. बाबांनी त्याला चहा दिला आणि परत जायला सांगितलं. तो वैतागला. "बाबूजी, बुलाते काहे हो फिर?" बाबांनी त्याला खडूच्या रेघा समजावून सांगायला सुरुवात केली. तो चहा अर्धा टाकून गेला.

तेव्हापासून आमच्या गल्लीत रोज सव्वाबाराला एक अदलाबदल होते. आधी ठेला थोडा पुढे काढायचा. मग बाबा गाडी मागे घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला नेतात, विजेवर, आवाज न करता. चाची पहिल्या दिवशी दचकली होती. "जा चलत है कै सरकत है?" मग ठेला पूर्वेच्या सावलीत. अंतर वीस-पंचवीस पावलांचं. आणि रोज सकाळी, चाची यायच्या आत, सगळं पुन्हा उलट. बाबांना एकदा ताप होता, तरी ते मफलर बांधून मे महिन्यात बाहेर आले.

वहीतला आकडा वाढला. फार नाही. त्या छताकडून फार काही होतही नाही, हे मी विरोधक म्हणून नमूद करते. पण जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी बाबांनी भिंतीची वायर मुद्दाम दोन दिवस न लावता गाडी काढली. आई पुढे, मी मागे. हो, मी बसले. निरीक्षक म्हणून. लक्ष्मी गेटला पोचलो, भेंडी आणि कच्च्या कैऱ्या घेतल्या, छापखान्यासमोरून वळलो. छापखान्यातल्या भैयाने मला गाडीत पाहिलं आणि हात जोडले. परत येताना प्रेम नगरच्या वळणावर इंजिन हलकेच घुरघुरलं. पेट्रोल. बाबांनी तोंड पाडलं. घर दोनशे पावलांवर होतं.

"चालत आलो असतो तर?" आई म्हणाली.

"उद्या कैऱ्या नको घेऊ," बाबा म्हणाले. "वजन होतं."

मागच्या महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून आई-बाबा दहा दिवस पुण्याला गेले. गाडीची किल्ली स्टेशनवर, डबा हलायच्या आधी, बाबांनी माझ्या हातात ठेवली. मी गाडी शिकले होते, पण चालवत नव्हते. तत्त्वाचा प्रश्न होता.

पहिल्या दिवशी सकाळची अदलाबदल बाबाच करून गेले होते. मी आतल्या खोलीत नव्या पत्रकाचा मजकूर लिहीत बसले होते. ऑटो स्टँडच्या सावलीबद्दलच होता. या वेळी शेजारी खडूची पेटी आणि टेप होता, सकाळी स्टँडवर जाऊन मापं घेऊन आले होते, आणि उन्हात उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांना विचारूनही आले होते की त्यांना सावली नेमकी कधी हवी असते. फाटकाची कडी वाजली.

"काय नेताजी," चाची बाहेरून म्हणाली, "सवा बारह हो गए. उठतीं कै नईं?"

मी किल्ली घेऊन बाहेर गेले. ठेला दोघींनी ओढला. त्याचं पुढचं चाक अडतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मग गाडीत बसले, मागे घेताना कुंपणाला घासता घासता राहिली. चाची हात दाखवत होती, "आओ, आओ, और आओ, बस." गाडी उन्हात लागली. डॅशबोर्डवर छोटा सूर्य उगवला.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मागे काकांचा टीव्ही चालू होता.

"हलवली?"

"हलवली."

"कुठे घासली नाही ना? आकडा किती?"

मी आकडा सांगितला. ते पलीकडे लिहून घेत होते, वही बरोबर नेली होती. मग विचारलं, "आणि ठेला?"

"तो आधी," मी म्हटलं.

"हं," बाबा म्हणाले, आणि काकांना औषध घालायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.